सकाळी आठ, रात्री आठ

ट्रान्सप्लांट झालं, जीव वाचला. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण 'वाचणं' आणि 'बरं होणं' यात दीड-दोन वर्षांचं अंतर असतं, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. त्या मधल्या काळात माझ्या विश्वासाचं काय झालं, त्याची ही गोष्ट.

'मग, आता एकदम ओके ना?'

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, ते मोजणं सोडून दिलंय. कॉलेजच्या गेटवर, किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. विचारणाऱ्याला काळजी असते, कळतं मला. पण त्याला उत्तर एकच हवं असतं. 'हो' म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो, 'देवाची कृपा' म्हणून तो पुढे जातो. 'अजून होतेय' म्हटलं की बिचारा अडकतो. आता यापुढे काय बोलायचं, ते त्याला सुचत नाही.

खरं सांगायचं तर बराच काळ मलाही सुचत नव्हतं.

रिकामी हाडं

मी नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. आमच्या घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. रविवारची उपासना, रात्री जेवणाआधी कुटुंब प्रार्थना, आजीच्या उशाशी 'उपासना संगीत'. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आणि रेव्हरंड टिळक याच गावात राहिले. टिळकांची गाणी म्हणतच आम्ही मोठे झालो. देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. घरात पंखा असतो तसा देव होता. फिरत असायचा. लक्ष जातं ते लाइट गेल्यावरच.

लाइट गेली एस. वाय. बी.एस्सी.च्या पावसाळ्यात. पायांवर निळे डाग दिसायला लागले. कुठं धडकले, आठवेना. मग ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. लॅबचा एक मजला चढताना धाप. मम्मी म्हणाली, 'उपाशीपोटी पळतेस कॉलेजला, दुसरं काय होणार?' डेंगीचे दिवस होते म्हणून रक्त तपासलं. डेंगी निगेटिव्ह. पण प्लेटलेट ९ हजार. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. हिमोग्लोबिन ६. पांढऱ्या पेशी तळाला.

पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये माझ्या कमरेच्या हाडातून छोटा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. कॅन्सर नव्हे, पण तितकाच गंभीर. डॉक्टर मॅडमनी कागदावर हाड काढून दाखवलं. रक्त तयार होतं हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये. आपलं संरक्षण करणाऱ्या पेशीच कधी कधी बिथरतात आणि हा कारखानाच बंद पाडतात. आत उरते ती चरबी. 'थोडक्यात, हाडं रिकामी झालीयेत,' त्या म्हणाल्या.

बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्याचा एक दृष्टान्त आहे. सुकलेल्या हाडांनी भरलेलं अख्खं खोरं. ही हाडं पुन्हा जिवंत होतील का, असं देव त्याला विचारतो. संदेष्टा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ते तुलाच ठाऊक, म्हणून चेंडू देवाकडेच टोलवतो. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी पाठ करून बक्षीस मिळवलं होतं. त्या केबिनमध्ये ती आठवली आणि पहिल्यांदाच समजली. त्याच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून तो तसं बोलला.

भावाचं रक्त

तरुण पेशंटचा मॅरो सख्ख्या भावंडाशी जुळला, तर या आजारात ट्रान्सप्लांट हा सगळ्यात चांगला उपाय मानतात. जुळायची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक. मला भाऊ एकच. नुकताच अठरा पूर्ण, बारावीतून बाहेर पडलेला, दिवसभर क्रिकेट. रिपोर्ट आला त्या दिवशी तो म्हणाला, 'ताई, लॉटरी लागली. आता आयुष्यभर माझे उपकार.'

एका माणसाचा मॅरो दुसऱ्याला देण्याचं हे शास्त्र तसं जुनं नाही. अमेरिकेतले डॉक्टर ई. डोनल थॉमस यांनी १९५०च्या दशकात हे प्रयोग सुरू केले, तेव्हा बहुतेक पेशंट वाचत नसत. त्याच थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. भारतात पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ला झालं. माझ्या मम्मीच्या शाळेच्या काळात.

आधी माझी उरलीसुरली प्रतिकारशक्ती औषधांनी पुसून टाकली. त्यातलं एक औषध घोड्याच्या रक्तातून बनवलेलं. केस गेले. तोंडात इतके फोड आले की थुंकी गिळायला रडू यायचं. मग आला 'डे झीरो'. सकाळी भावाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मॅरो काढला. दुपारी तो एका पिशवीतून माझ्यापर्यंत आला. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल, लाल दिवा वगैरे. तसं काहीच नाही. रक्त चढवतात तशी पिशवी लटकवली आणि थेंब थेंब सुरू झाले. चारेक तास.

मम्मी मास्क आणि गाऊनमध्ये कोपऱ्यात उभी. फोन स्पीकरवर. नगरहून आमचे पाळकसाहेब प्रार्थना करत होते. त्यांचं 'आमेन' झालं, मम्मीचं झालं, आणि सलाइनचा वेग बघत उभ्या असलेल्या केरळच्या सिस्टरच्या मास्कमधूनही हळूच 'आमेन' आलं. आम्ही तिघी हसलो. त्या खोलीतला तो पहिला हसण्याचा आवाज.

पुढचे दिवस फक्त मोजणीचे. रोज पहाटे रक्त काढायचं, सकाळी दहाला काउंट. मम्मीनं कालनिर्णयच्या चौकोनात तो लिहायला सुरुवात केली. शून्य. शून्य. शून्य. भिंतीवर नुसती शून्यं. एकादशी, संकष्टी, सेंट अमक्याचा सण, आणि प्रत्येकाखाली माझं शून्य. एकोणिसाव्या दिवशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ५००च्या वर गेल्या आणि पुढचे दोन दिवसही तिथंच टिकल्या. म्हणजे भावाच्या पेशींनी माझ्या हाडांत घर केलं. पप्पा काचेबाहेर उभं राहून रडले. चर्चच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी कोसळले. 'चमत्कार!' 'साक्ष द्यायला लवकर ये!'

सगळ्यांसाठी गोष्ट तिथं संपली. माझी तिथून सुरू झाली.

चौदा पायऱ्या

डिस्चार्ज मिळाला म्हणजे घरी गेलो असं नाही. पहिले शंभर दिवस हॉस्पिटलजवळच राहायचं असतं, कारण रात्री दोनला ताप आला तर तासाभरात पोचायला हवं. आम्ही एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्या मजल्यावर. चौदा पायऱ्या. त्या मी तीन टप्प्यांत चढायचे आणि वर गेल्यावर तासभर झोपायचे.

हा थकवा कसा सांगू? परीक्षेच्या आदल्या रात्री जागल्यावर येतो तसला नाही. तो झोपल्यावर जातो. हा झोपेतून उठल्यावरही पायाशी बसलेला असायचा. अंघोळ हे त्या दिवसाचं मोठं काम. पुस्तक उघडलं तर एकच ओळ चार वेळा वाचायची.

नियम पाठ झाले होते. गर्दीत जायचं नाही. बाहेरचं खायचं नाही. कच्चं सॅलड नाही, फुलं नाहीत, कुत्रं-मांजर नाही. लहानपणी घेतलेल्या लसींचा भरवसा संपला, त्या सगळ्या पुन्हा. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, तो हळूहळू भावासारखा ओ पॉझिटिव्ह झाला. इतकंच काय, माझ्या रक्तातल्या पेशी आता एक्स-वाय आहेत! बायॉलॉजीवाल्या मैत्रिणींना हे सांगितल्यावर त्या आठवडाभर वेड्या झाल्या होत्या.

आणि रोज सकाळी आठ, रात्री आठ, सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल. भावाच्या पेशींनी माझ्या शरीरावर हल्ला करू नये आणि माझ्या शरीरानं त्यांना हाकलू नये, म्हणून. पाकीट फोडलं की नाकात जाणारा उग्र वास. त्यानं हात थरथरायचे, मेसेज टाइप करताना भलतीच अक्षरं पडायची. डोक्यावर केस नव्हते, पण गालांवर आणि कपाळावर लव वाढायला लागली. आरशात एक गुबगुबीत, केसाळ, टकली मुलगी. मी आरशावर ओढणी टाकली.

इकडे माझी बॅच टी. वाय.ला गेली. ट्रिपचे फोटो, प्रोजेक्टच्या शिव्या, कुणाचं तरी जमलं, कुणाचं तरी तुटलं. माझ्या स्टेटसला टाकायला काय? 'आज पंधरा पायऱ्या'?

प्रार्थना? हॉस्पिटलात असताना ती आपोआप यायची, भीतीनं. आता येईना. डोळे मिटले की झोप लागायची. आजीला फोनवर म्हटलं, 'आजी, मला प्रार्थनाच करता येत नाहीये.' मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, 'अगं, एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला होता, तेव्हा देवानं आधी त्याला भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. उपदेश मागाहून. तू जेव आणि झोप. प्रार्थना आम्ही करतो, तुझ्या वाटचीपण.'

हे मला तेव्हा फक्त गोड वाटलं. त्यात किती आधार होता, ते पुढे समजलं.

पलीकडच्या खोलीतला मुलगा

ट्रान्सप्लांट वॉर्डात माझ्या पलीकडच्या खोलीत विदर्भातला एक मुलगा होता. माझ्याच वयाचा. आजार वेगळा, दाता त्याची बहीण. त्याची आई रोज गजानन महाराजांची पोथी वाचायची. आम्ही काचेतून एकमेकांना काउंट दाखवायचो, बोटांनी. डिस्चार्जनंतर ओपीडीत भेट व्हायची. माझ्यापेक्षा त्याचे काउंट कायम चांगले. मला चिडवायचा, 'तुमच्या येशूचं नेटवर्क स्लो दिसतंय.' मी रोज रात्री त्याचं नाव घ्यायचे. त्याची आई पोथी झाली की माझ्यासाठी साखर ठेवायची.

तो गेला. फुप्फुसात इन्फेक्शन. पाच दिवसांत.

त्याच्या आईला मी फोन केला नाही. आजही त्याची लाज वाटते. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: हे कधीही होऊ शकतं. काउंट चांगले असले तरी. शंभर दिवस उलटले तरी. मला गॅरंटी हवी होती. कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगावं, तुला काही होणार नाही.

आणि नेमका तसं सांगणारा भेटला.

नऊ दिवस

आम्ही नगरला घरी आलो होतो. कुणाच्या तरी ओळखीनं एक प्रचारक काका प्रार्थनेला आले. आमच्या मंडळीतले नव्हेत, बाहेरचे. मास्क लावून लांब बसले, छान गायले. जाताना मला म्हणाले, 'बेटी, प्रभूनं तुला बरं केलंय ना? मग ह्या गोळ्या कशाला? गोळी म्हणजे शंका. ज्या दिवशी गोळी सोडशील, त्या दिवशी तुझी साक्ष पूर्ण होईल.'

मम्मी स्वयंपाकघरात होती. तिला हे ऐकू गेलं नाही. मी सायन्सची विद्यार्थिनी. सायक्लोस्पोरिन कशासाठी असतं, हे मला त्या काकांपेक्षा नक्कीच जास्त माहीत होतं. तरीही मी त्या रात्री आठची कॅप्सूल तोंडात घातली, पाणी प्यायले आणि मम्मी वळल्यावर ती काढून उशीच्या अभ्र्यात टाकली.

का केलं? मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. मूर्खपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण मी दमले होते. चेहऱ्याला, थरथरीला, वाट बघण्याला. आणि मला वाटलं, मी एवढं मोठं पाऊल टाकलं तर देवाला काहीतरी करावंच लागेल. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

नऊ दिवस. अभ्र्यात अठरा कॅप्सूल. पहिले काही दिवस हात थरथरायचे थांबले आणि मला वाटलं, बघ!

दहाव्या दिवशी पुण्याला तपासणी. रक्तात औषधाची पातळी मोजतात, हे मी विसरलेच नव्हते, पण विसरल्याचं सोंग केलं होतं. दुपारी डॉक्टर मॅडमनी पप्पांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, 'गोळी किती दिवस घेतली नाहीस?' आवाज चढवला नाही. पातळी जवळपास शून्य. प्लेटलेट लाखाच्या वर होत्या, त्या ६४ हजारांवर. पुढच्या आठवड्यात आलेल्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये माझ्या रक्तात भावाच्या पेशींचं प्रमाणही घसरलेलं. माझं जुनं शरीर पुन्हा डोकं वर काढत होतं.

'यात गोळ्या सोडल्याचा वाटा किती, हे मी टक्क्यांत सांगू शकत नाही,' मॅडम म्हणाल्या. 'पण ग्राफ्ट गेला, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि दुसरी वेळ पहिल्यापेक्षा अवघड असते.'

गाडीत कुणी बोललं नाही. शिरूर मागे पडल्यावर भाऊ म्हणाला, 'ताई, माझ्या कमरेला अजून दोन खुणा आहेत. तुला आवडलं नव्हतं तर तेव्हाच सांगायचं ना.' विनोद करायला गेला आणि त्याचाच आवाज फुटला.

माती

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी आधी मम्मीकडं चहा मागितला. मग मला म्हणाले, 'ते औषध बनतं कशापासून गं?'

भावानं मोबाइल बघूनच सांगितलं. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत एक बुरशी सापडली होती. त्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं.

'म्हणजे माती,' ते म्हणाले. 'प्रभूनं जन्मांध माणसाच्या डोळ्यांवर काय लावलं होतं?'

माती. थुंकीत कालवलेली माती. आणि वर त्याला धुवायला तळ्यावर पाठवलं होतं. चालत. आंधळ्याला.

'आणि प्रभूला मंदिराच्या टोकावरून उडी मारायला कुणी सांगितलं होतं?'

'सैतानानं.'

'देव झेलेल, मार उडी, असं म्हणाला ना तो? प्रभूनं मारली का?' ते थांबले. 'बाळ, उडी मारणं म्हणजे विश्वास नव्हे. पायऱ्या उतरणं हाही विश्वास असतो.'

मग त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट काढली. मी ती कितीदा ऐकली असेल, पण कधी थांबले नव्हते तिथं. बेथसैदा गावातला आंधळा. येशूनं त्याच्यावर हात ठेवले आणि काय दिसतं म्हणून विचारलं. तर त्या माणसाला धड दिसेना. माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. धूसर. मग येशूनं पुन्हा हात ठेवले, तेव्हा कुठं स्पष्ट दिसलं.

'खुद्द प्रभूचा हात,' पाळकसाहेब म्हणाले, 'आणि एकाच झटक्यात झालं नाही. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. तो खोटं बोलला नाही. दिसतंय दिसतंय, हालेलुया, असं म्हणून पळाला नाही. अर्धंच दिसतंय, हे प्रभूच्या तोंडावर सांगितलं. तूपण तसंच सांग. आम्हालाही, त्यालाही.'

मी विचारलं, 'आणि तो मुलगा? त्याच्या आईचा विश्वास कमी होता का? की माझी प्रार्थना कमी पडली?'

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'मला माहीत नाही.' चाळीस वर्षं पाळक असलेला माणूस. त्यांनी उत्तर बनवलं असतं, तर माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथंच संपला असता. जाताना ते म्हणाले, 'त्या माउलीला फोन कर.'

मी केला. आम्ही दोघी फक्त रडलो. आता दर गुरुवारी आमचं बोलणं होतं. माझे काउंट ती विचारते आणि वहीत लिहून ठेवते. त्याच्या वहीत.

विश्वासाचं टाइमटेबल

औषधाचा डोस वाढवला. भावाच्या पेशी पुन्हा पूर्ण ताबा घ्यायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत मी विश्वासाबद्दल जे शिकले, ते अगदी साधं आहे. सांगायला लाज वाटावी इतकं.

एक म्हणजे, विश्वास ही मनात उसळणारी भावना असायलाच हवी असं नाही. तो टाइमटेबलसुद्धा असू शकतो. सकाळी आठ, रात्री आठ. मी कॅप्सूल हातात घ्यायचे, 'आमेन' म्हणायचे आणि गिळायचे. बस. कित्येक दिवस माझी अख्खी प्रार्थना तेवढीच होती.

दुसरं, तक्रार चालते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. स्तुतीची म्हणून ती आम्हाला शिकवलेली. निवांत वाचली तर त्यातली कितीतरी चक्क भांडणं आहेत. किती दिवस? कुठं आहेस? झोपलास का? हे बायबलमध्ये छापलंय म्हणजे देवाला ते ऐकायची सवय असणार. मीही वहीत तारखा टाकून भांडणं लिहिली. एका पानावर फक्त 'आजपण ताप' एवढंच आहे.

तिसरं आजीचं. आपल्या वाटची प्रार्थना दुसऱ्याला करता येते. महिला संघाच्या मावश्यांनी आळीपाळीनं साठ दिवस आम्हाला डबे पोचवले. प्रेशर कुकरमधून थेट, गरम, झाकण न उघडता. ट्रान्सप्लांटच्या आधी आणि नंतर मला प्लेटलेट द्यायला माझ्या कॉलेजातली मुलं नगरहून पुण्याला एसटीनं आली होती. त्यांतल्या अर्ध्यांशी मी कधी बोललेही नव्हते. एकाचा रोजा होता, तो सोडल्यानंतर रात्री उशिरा आला. एक जण मारुतीचा अंगारा घेऊन आला आणि सिस्टरनं तो आत नेऊ दिला नाही म्हणून हिरमुसला. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रार्थनाच होत्या. काही तर सरळ शिरेतून आत आल्या.

साक्ष

ट्रान्सप्लांटला वर्ष झालं, त्यानंतर डॉक्टरांनी चर्चला जायची परवानगी दिली. मास्क लावून, दाराजवळच्या बाकावर. आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षरस प्रत्येकाला वेगळ्या छोट्या पेल्यात देतात. माझा पेला पाळकसाहेबांनी झाकून, वेगळा आणला. वर्षभरानंतर. हात थरथरत होते, या वेळी औषधानं नव्हे.

मग त्यांनी विचारलं, साक्ष द्यायची का? सक्ती नाही.

मी उभी राहिले. सगळे मोबाइल काढून तयार. मी म्हणाले, 'सलाम. मी अजून पूर्ण बरी झालेली नाही. मला माणसं झाडांसारखी दिसताहेत, पण दिसताहेत. मध्ये मी नऊ दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या, ती चूक होती, कुणीही असं करू नका. माझ्यासोबतचा एक मुलगा गेला, त्याच्या आईसाठी प्रार्थना करा.' आणि बसले.

शांतता. हालेलुया वगैरे काही नाही. मला वाटलं, फसलं सगळं. उपासना सुटल्यावर मात्र एक काका जवळ आले. वर्षानुवर्षं पहिल्या बाकावर बसणारे, कडक इस्त्रीचे. हळूच म्हणाले, 'माझं डायलिसिस चालूय चार वर्षं. मंडळीत कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी सांगीन म्हणतो.'

आता माझं टी. वाय. सुरू आहे, ज्युनियर बॅचसोबत. सायक्लोस्पोरिन हळूहळू कमी करताहेत, महिन्याला थोडं थोडं. बाळांच्या लसी पुन्हा घेतेय. गोवरची बाकी आहे, कारण ती ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झाल्याशिवाय देत नाहीत. लॅबचा मजला एका दमात चढते. आरशावरची ओढणी काढलीये.

मोबाइलमध्ये रोज दोन अलार्म वाजतात. परवा लेक्चर चालू असताना आठचा वाजला. सगळ्यांनी वळून बघितलं. मी बाटली काढली, कॅप्सूल घेतली. मागच्या बाकावरून, गोष्ट माहीत असलेली एक मैत्रीण पुटपुटली, 'आमेन.'

तुमचा मित्र किंवा मैत्रीण ट्रान्सप्लांटमधून सावरत असेल तर...

• 'बरी झालीस ना?' ऐवजी 'आज कसं आहे?' विचारा. आजचं उत्तर देता येतं.

• सर्दी, ताप, खोकला असेल तर भेटायला जाऊ नका. फोन करा. तुमची साधी सर्दी त्यांना आयसीयूत नेऊ शकते.

• फुलं, बाहेरचं खाणं, कापलेली फळं नेऊ नका. काय चालतं, ते आधी घरच्यांना विचारा.

• प्रार्थना, अंगारा, दुआ, सगळं मनापासून करा. पण डॉक्टरांना न विचारता औषध सोडायला कधीही सांगू नका.

• नोट्स पाठवत राहा. त्या वाचून होणार नाहीत. पण आपलं नाव अजून बॅचच्या यादीत आहे, हे कळतं.

• स्वतः दाता व्हायचं असेल, तर 'दात्री'सारख्या नोंदणी संस्था आहेत. नोंदणीसाठी गालाच्या आतून फक्त एक स्वॅब घेतात. भावंडं जुळत नाहीत, तेव्हा कुणाचं तरी आयुष्य अशाच एका अनोळखी नावावर अवलंबून असतं.